संहितेविना साहित्यशिक्षण : स्वामित्वहक्काचा धाक आणि मराठीचा ऑनलाइन वर्ग

रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला आणि मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ही घोषणा आजही मोठ्या श्रद्धेने शिकविली जाते. कायद्याला लेखकाचा मृत्यू वेगळ्याच कारणासाठी हवा असतो. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क अधिनियमानुसार लेखक ज्या वर्षी निवर्तला त्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे मोजावयाची आणि तोवर संहिता वारसांची अथवा ज्याच्याकडे हक्क सोपविले असतील त्याची. (ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपू लागला तेव्हा ती वाढविली गेली. एका कवीसाठी देशातील सर्व लेखकांचे मरणोत्तर आयुष्य दहा वर्षांनी लांबले.) सिद्धान्तात मेलेला लेखक व्यवहारात असा जिवंत राहतो. चर्चासत्रांत ही विसंगती कोणाला बोचत नाही. ती बोचते हिंगणघाटसारख्या ठिकाणी.

वणा नदीकाठचे, कापसाच्या बाजारपेठेचे हे गाव. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालय म्हणजे महाविद्यालयाचे ग्रंथालय, आणि पुस्तक म्हणजे तेथील एकुलती एक, बहुधा शिवण उसवलेली प्रत. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा ही प्रतही कुलपात गेली. अध्यापकांनी जे केले ते स्वाभाविक होते : घरातल्या पुस्तकाच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविली. पाटी-खडूचा वर्ग जसा दारे लावून भरतो, तसाच हा भरला.

ही तात्पुरती सोय पुढे व्यवस्थेचा भाग झाली. ‘स्वयम्’ २०१७ पासून होतेच; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. अभ्यासक्रम ऑनलाइन झाला आणि त्याबरोबर हमीपत्र आले : सादर केलेले सर्व साहित्य अध्यापकाचे स्वतःचे आहे, कोणाच्याही हक्काचा भंग झालेला नाही, झाल्यास जबाबदारी अध्यापकाची. रसायनशास्त्राच्या अध्यापकाला हे हमीपत्र कदाचित निरुपद्रवी वाटेल. मराठीच्या अध्यापकाकडून मात्र ते त्याच्या विषयाचाच त्याग मागते. त्याने शिकवावयाची कविता त्याची नसते, नसावयाचीच असते.

परिणाम उघड आहे. कविता वगळून तिचा आशय, कादंबरी वगळून तिचे कथानक, नाटक वगळून त्यातील व्यक्तिरेखांचे गुणविशेष, अशी एक नवीच वाङ्मयीन जात निर्माण झाली आहे. कोलटकरांच्या कवितेवर चाळीस मिनिटांचे व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यास कोलटकरांची एकही ओळ पडद्यावर दिसत नाही. आशयाला स्वामित्वहक्क नसतो, अभिव्यक्तीला असतो. म्हणून आशय सांगणे सुरक्षित. बाजारातल्या गाइडांनी हे सूत्र कधीच ओळखले होते. आता विद्यापीठीय व्यवहाराने ते स्वीकारले आहे, आणि आशय व अभिव्यक्ती वेगळ्या करता येत नाहीत असे शिकविणाऱ्या अध्यापकांनीच ते स्वीकारले आहे. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र प्रश्नपत्रिकेपुरते उरले.

खेदाची गोष्ट अशी की, हा धाक ज्या कायद्याच्या नावाने घातला जातो तो कायदा एवढा कृपण नाही. त्याचे कलम ५२ अध्यापकाला वा विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत करण्याची मोकळीक देते. त्याच कलमात समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापरालाही स्वतंत्र संरक्षण आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील झेरॉक्सचे दुकान ह्यांच्याविरुद्ध दावा लावला तो ह्याच तरतुदीवर फिरला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने काही तथ्ये तपासण्यासाठी तो पुन्हा खालच्या पीठाकडे सोपविला. परंतु अध्यापनाचा ओघ म्हणजे केवळ वर्गातील तास नव्हे, आणि किती पाने उतरविली ह्यापेक्षा अध्यापनाच्या हेतूला ती आवश्यक होती काय हे पाहावे, हे तत्त्व खंडपीठानेही मान्य केले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. हा निर्णय मराठी विभागांच्या भिंतीवर लावण्याजोगा होता. तो वाचलेला अध्यापक विरळा.

अर्थात, ह्या निर्णयाने सारे प्रश्न सुटले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरतूद ‘प्रत करण्या’विषयी बोलते, आंतरजालावरून संहिता पोहोचविणे ही कायद्याच्या भाषेत ‘लोकांपर्यंत संप्रेषण’ ही निराळी क्रियाही ठरू शकते आणि ऑनलाइन वर्गाबद्दल कलम मौन बाळगते. अमेरिकेने निदान २००२ मध्ये दूरस्थ अध्यापनासाठी वेगळी तरतूद केली, सदोष का होईना. येथे वर्ग आणि चव्हाटा ह्यांतील भेद अध्यापकालाच राखावा लागतो. नोंदणी केलेल्या तीस विद्यार्थ्यांपुरत्या बंद दालनात एक कविता ठेवणे हे अध्यापन होय. हयात कादंबरीकाराची अख्खी कादंबरी पीडीएफ करून जगासाठी खुली सोडणे हे अध्यापन नव्हे, आणि ‘ज्ञान सर्वांचे असते’ हे सुभाषित येथे कामाचे नाही. ज्या भाषेत चांगल्या पुस्तकाची आवृत्ती हजारभर प्रतींची निघते तेथे शंभर विद्यार्थ्यांनी न घेतलेले पुस्तक लेखकाला कळते. मराठीचा प्रकाशक म्हणजे ऑक्सफर्ड नव्हे. हे भान न ठेवणाऱ्या अध्यापकांनीच हमीपत्रवाल्यांच्या हाती कोलीत दिले आहे.

पण मराठीतील खरी अडचण महागड्या पुस्तकांची नाहीच. ती न मिळणाऱ्या पुस्तकांची आहे. अभ्यासक्रमात लावलेले पुस्तक बाजारात नसते, प्रकाशक पुनर्मुद्रण करीत नाही, वारसांचा पत्ता लागत नाही. हक्क कोणीच वापरत नाही, तरी तो अडवतो. अशा कृतींसाठी सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे, हक्कधारक सापडत नसल्यासही आहे. मात्र पूर्वी ज्या मंडळाकडे अर्ज करावयाचा ते २०१७ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले, २०२१ मध्ये ते न्यायाधिकरणही मोडीत निघाले, आणि आता वाट उच्च न्यायालयाची. दोनशे पानांच्या एका कथासंग्रहासाठी हिंगणघाटच्या अध्यापकाने नागपूर खंडपीठाची पायरी चढावी, अशी ही व्यवस्था आहे.

शासनाजवळ पैसा नाही असेही नाही. संशोधनपत्रिकांसाठी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही सहा हजार कोटींची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिका त्यातून शासकीय संस्थांना खुल्या झाल्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांशी एकगठ्ठा करार होऊ शकतो, मग मराठीच्या मूठभर प्रकाशकांशी अभ्यासक्रमातील पुस्तकांपुरता का होऊ नये? लेखकाला मोबदला मिळेल आणि विद्यार्थ्याला संहिता. त्याच नोव्हेंबरच्या आधीच्या महिन्यात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, २०२४ मध्येच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. सत्कार यथासांग झाले. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’ ह्या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा विस्तृत साठा वाचकांसाठी खुला केला आहे. त्याच जिल्ह्यातला मराठीचा विद्यार्थी तो पाहतो आणि आपल्या भाषेतले तसे काही शोधतो, तेव्हा त्याला बहुशः गाइडच सापडते.

मुक्त झालेल्या संहितांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. साने गुरुजींचे साहित्य २०११ च्या आरंभी सर्वांचे झाले, मर्ढेकरांचे २०१७ च्या. विद्यापीठीय विभागांनी ह्या लेखकांच्या मुद्रितशोधन केलेल्या, पाठनिश्चित संहिता वर्गासाठी सिद्ध केल्या असत्या तर निम्मी तक्रार मिटली असती. महानुभाव गद्याच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे : ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाचे, पण कोलते ह्यांनी हस्तलिखितांतून निवडून सिद्ध केलेला पाठ १९७८ चा; मूळ ग्रंथ मुक्त असला तरी त्या संपादनावरील हक्काचा प्रश्न निराळा राहतो. नवे पाठ सिद्ध करण्याचे श्रम कोणी तरी घेतल्याशिवाय जुना ग्रंथ खऱ्या अर्थाने मोकळा होत नाही.

तुकडोजी महाराजांचे साहित्य १ जानेवारी २०२९ रोजी मुक्त होईल, अण्णा भाऊ साठे ह्यांचे त्यापुढील वर्षी. पहिल्यांचे नाव नागपूर विद्यापीठ धारण करते. प्रमाण पाठ तयार करावयास काही वर्षे लागतात, आणि ती आताच सुरू झाली आहेत.