गाण्यामागची आठवण

अन्न, वस्त्र आणि निवारा यांवाचून माणसाचे चालत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण या तिन्ही गोष्टी मिळाल्या म्हणजे माणूस तृप्त होतो, असे मात्र नाही. त्याला गाणेही हवे असते. बाळाला निजविताना आई गाते. पंढरीच्या वाटेने चालताना वारकरी गातात. पूर्वी मोट हाकताना शेतकरी गात असे आणि पहाटे दळताना घरातल्या बायका गात असत. गाणे हे केवळ कानाचे सुख असते, तर ऐकून झाल्यावर ते तिथेच संपले असते. पण ते संपत नाही. ज्या जागी आणि ज्या माणसांच्या सोबतीने आपण ते ऐकतो, ती जागा आणि ती माणसे त्या सुरांना कायमची बिलगून राहतात. म्हणून कोणाचे आवडते गाणे कोणते, एवढेच कळले तर अर्धीच गोष्ट कळली. ते त्याला का आवडते हे कळले, म्हणजे तो माणूस कळतो.

यासाठीच आवडते गाणे सांगताना त्यामागची आठवणही सांगावी, आणि दुसऱ्याची आठवण कान देऊन ऐकावी. ही नुसती करमणूक नव्हे. ते एक आवश्यक काम आहे. कसे, ते पुण्यातल्याच एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. रामकथा गीतांच्या रूपाने श्रोत्यांना ऐकवावी, अशी कल्पना पुढे केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या मनात आली. त्यांनी ती आपले कविमित्र ग. दि. माडगूळकर यांच्यापुढे मांडली. माडगूळकरांनी गीते लिहावी आणि सुधीर फडके यांनी त्यांना चाली द्याव्या, असे ठरले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायणा’तील पहिले गीत प्रसारित झाले. त्यानंतर दर शुक्रवारी सकाळी नवे गीत येऊ लागले, आणि शनिवारी व रविवारी तेच पुन्हा ऐकविले जाऊ लागले. वर्षभराचा हा संकल्प होता. परंतु त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्याही वाढली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत एकंदर ५६ गीते प्रसारित झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर यांसारख्या थोर गायकांनी त्यांतील गीते गाइली.

त्या काळी घरोघरी रेडिओ नव्हता. रेडिओ बाळगावयाचा तर सरकारी परवानाही काढावा लागे. साहजिकच ज्याच्या घरी रेडिओ असेल, त्याच्या घरी शेजारीपाजारी जमत. गीत सुरू होण्यापूर्वी कित्येक घरांत रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. वर्तमानपत्रे त्या त्या आठवड्याचे गीत छापीत. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या मनात ‘गीतरामायण’ म्हणजे केवळ ५६ गीते नव्हेत. कोणाला त्या सुरांबरोबर वाड्याचा चौक आठवतो, तर कोणाला शेजारच्या काकूंनी आत बोलावून दिलेली बसावयाची जागा. कोणाला रेडिओपुढे हात जोडून बसलेली आजी दिसते. गीत एकच, पण जितकी घरे तितक्या त्याच्या आठवणी.

पहिल्या गीताचा प्रसंगही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. अयोध्येच्या राजसभेत कुश आणि लव हे दोघे बालक रामचरित्र गात आहेत आणि स्वतः राम ते ऐकत आहे. गाणारी मुले आपलीच आहेत, याची त्याला अद्याप ओळख नाही. सभेतील इतरांच्या दृष्टीने ते एक सुंदर काव्य होते. रामाच्या दृष्टीने ते त्याचे गेलेले आयुष्य होते. वनवास, सीता, लक्ष्मण, सारे काही त्या सुरांतून त्याच्यापुढे पुन्हा उभे राहिले. एकच गाणे शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या कानी पडते. पण ती दोघे एकच गोष्ट ऐकत नसतात. हे जाणून घ्यावयाचे असेल, तर एकमेकांना विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

‘गीतरामायणा’तील गीते टिकून राहिली. ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ध्वनिमुद्रिकांवर आली आणि इतर भाषांतही गेली. ती हरवतील अशी भीती नाही. पण ज्या घरांत ती पहिल्या प्रथम ऐकली गेली, त्या घरांतल्या आठवणींचे काय? त्या वेळी जी मुले दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर नाहीत. कोणी विचारले तर त्या सांगितल्या जातील. कोणी न विचारले तर त्या माणसांबरोबरच जातील.

ही भीती खोटी नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत तसे पुष्कळ घडून गेले आहे. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ अशी आपल्याकडे म्हणच आहे. पहाटेच्या काळोखात दोघी बायका समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवीत. एकीने ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी, असे दळण चाले. माहेरची वाट, भावाची माया, लेकीची काळजी, सीतेचा वनवास, विठ्ठलाची भेट, जे मनात असेल ते त्या ओवीत घालीत. दिवसा जे बोलावयाची चोरी, ते पहाटे जात्याला सांगता येई. ती ओवी हेच त्यांचे आवडते गाणे आणि तीच त्यांची आठवण. दोन्ही वेगळी नव्हतीच. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. परंतु जाते थांबले तशी ओवीही थांबली. ज्या बायकांना शेकडो ओव्या मुखोद्गत होत्या, त्यांना त्या म्हणावयास जागाच उरली नाही, आणि नातवंडांनीही फारसे विचारले नाही.

सुदैवाने काही जणांनी विचारले. साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या. पुढे पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण भारतालाच आपले घर मानणारे गी पॉइटवां या दोघांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. ती दोघे आणि त्यांचे सहकारी मुळशीच्या डोंगराळ भागापासून महाराष्ट्रातील शेकडो गावांपर्यंत पोहोचले. बायकांच्या शेजारी बसून त्यांनी ओव्या ऐकल्या, टिपून घेतल्या आणि पुष्कळशा ध्वनिमुद्रितही केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. त्यात रामसीता आहेत, विठ्ठलरखुमाई आहेत, तसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, अशा कित्येक बायकांची नावे आज त्यांच्या ओव्यांबरोबर नोंदलेली आहेत. हे कशामुळे घडले? कोणीतरी दाराशी जाऊन, ‘बाई, तुम्ही कोणते गाणे म्हणत होता?’ एवढे आदराने विचारले म्हणून.

यावर कोणी म्हणेल, ‘गाण्याची आवड ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे, ती चारचौघांत कशाला सांगावी?’ या म्हणण्यात काही तथ्य आहे. काही आठवणी दुःखाच्या असतात. त्या उकरून काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. एखादे गाणे ऐकताच आजोबा उठून बाहेर गेले, तर त्यांच्या पाठोपाठ प्रश्न घेऊन धावू नये. पण बहुतेक माणसे गप्प राहतात ती आठवण दुखरी असते म्हणून नव्हे, तर ऐकणारे हसतील या भीतीने. मुले मोठ्यांच्या गाण्यांना ‘रडकी’ म्हणतात, मोठी माणसे मुलांच्या गाण्यांना ‘गोंगाट’ म्हणतात, आणि मग दोघेही आपापली गाणी मुकाट्याने ऐकत बसतात. यात नुकसान दोघांचेही होते. गाणे चांगले की वाईट हा वाद अवश्य घालावा. त्यासाठी सुरांचे ज्ञान हवे, शब्दांची पारख हवी. पण ‘हे गाणे तुला का आवडते?’ हा प्रश्न अगदी निराळा आहे. त्याला उत्तर देण्यासाठी पंडित असावे लागत नाही आणि ते ऐकण्यासाठीही नाही.

मुलांनो, हा प्रश्न तुमच्यासाठी तर फारच महत्त्वाचा आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना असे आढळून आले आहे की, साधारणपणे वयाच्या दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला पुढे सर्वांत अधिक आठवतात आणि त्यांच्याबरोबर त्या दिवसांतील प्रसंगही आठवतात. स्मृती क्षीण झालेली कित्येक वृद्ध माणसे घरच्यांची नावे विसरतात. पण तरुणपणीचे गाणे कानी पडताच त्यासोबत गुणगुणू लागतात. आज तुमच्या कानांवर जे सूर पडत आहेत, तेच पुढे साठ-सत्तर वर्षे तुमच्या सोबतीला राहावयाचे आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनातले समूहगीत, गणेशोत्सवात मांडवापुढे म्हटलेली आरती, सहलीच्या गाडीत सर्वांनी मिळून ओरडून म्हटलेली गाणी, ही तुमच्या आयुष्याची शिदोरी आज नकळत बांधली जात आहे.

म्हणून ती शिदोरी एकट्याने बांधू नये. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र असते आणि हवे ते गाणे हव्या त्या क्षणी ऐकू येते. ही सोय मोठी आहे. परंतु रेडिओभोवती बसलेल्या माणसांना जे विनासायास मिळत होते, ते या सोयीने आपोआप मिळत नाही. त्यांना सोबत मिळत होती. कानातले यंत्र काढून ‘हे ऐक, मला फार आवडते’ असे म्हणावे, म्हणजे ती सोबत आजही मिळते.

हे करावयास फार सायास नकोत. एक साधी वही घ्यावी. घरातील प्रत्येकाला त्याचे आवडते गाणे विचारावे. ते कोणी गाइले, प्रथम कोठे ऐकले, तेव्हा सोबत कोण होते, ते ऐकताना आज काय आठवते, एवढे चार प्रश्न पुरेत. आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे. ते शुद्ध करीत बसू नये. आणि त्याच वहीत शेवटी आपलेही गाणे व आपलीही आठवण लिहावी. कारण आज जी मुले विचारतात, त्यांनाच उद्या कोणीतरी विचारणार आहे.

गाणी जपण्यासाठी ग्रंथ आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, आकाशवाणीचे संग्रह आहेत. आठवणी जपण्यासाठी मात्र दुसऱ्या माणसाचे मन हेच एक घर आहे. ते घर उघडे ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे.