मानेतली गाठ आणि गळ्यातला दोरा

घसा सुजला, दाढ किडली की मानेत गाठ येते. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. शरीर जंतूंशी लढते आहे, याची ती खूण. गरम पाण्यात बुडवून पिळलेले, सोसवेल असे फडके दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावे. घसा दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. गाठ चोळू नये. बिब्बा, चुना लावू नये, कातडी भाजते.

घरच्या उपायांची हद्द इथेच संपते. दोन आठवड्यांत गाठ ओसरली नाही, न दुखता वाढत गेली, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला किंवा वजन घटले, तर सरकारी दवाखान्यात जावे. ती क्षयाची गाठ असू शकते. जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत. सुईने गाठीतले पाणी काढून तपासतात. क्षय निघाला तर साधारण सहा महिन्यांचे औषध मोफत मिळते, शिवाय आहारासाठी महिन्याला १००० रुपये. गाठीला हात लावल्याने हा रोग पसरत नाही. मग लग्न मोडेल म्हणून मुलीची गाठ ओढणीखाली का लपवायची?

१९५६ साली आपण धम्म स्वीकारला. तरी गाठीवर मंतरलेला दोरा बांधणारी घरे आपल्या वस्तीत आहेत. ऐकीव आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे बुद्धांनी कालामांना सांगितले. गाठही पारखूनच घ्यावी.

जय भीम.