पत्रिकेत पोताचा रकानाच नाही

सिल्लोड, भराडी, अजिंठा भागातल्या मिरची उत्पादकांची पत्रं या महिन्यात टेबलावर आहेत. तक्रार एकच: माथ्यावरचं बरड रान आणि नाल्याकाठची काळी, दोन्हींची मृद आरोग्य पत्रिका जवळपास सारखी, खताच्या मात्राही सारख्या. ठिबक तेवढंच चालवलं तरी बरडातली मिरची दुपारी माना टाकते.

टाकणारच. पत्रिकेत 12 घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. वाळू किती, पोयटा किती, चिकणमाती किती, याला रकानाच नाही. पाणी किती धरतं, खोली किती, तेही नाही. योजना फेब्रुवारी 2015 मधली. तिच्या मूळ नियमानं कोरडवाहूत 10 हेक्टरांना एक नमुना, बागायतीत अडीच हेक्टरांना. अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याला 10 हेक्टरांत वर मुरूम आणि खाली कंबरभर काळी माती निघते. मग ती पत्रिका नेमकी कुणाच्या रानाची? गंमत म्हणजे पोत आणि खोली मोजून नकाशे करणारी केंद्राचीच मृदा सर्वेक्षण संस्था नागपुरात बसलेली आहे. एका मंत्रालयाचे दोन हात, पण ओळख नाही.

आणि सेंद्रिय खताबद्दल काय, तर ‘सर्वसाधारण शिफारशी’त एक ओळ. वाळूसर रानात हवा खेळते, माती तापते, शेणखत लवकर कुजून संपतं. तिथे चार वर्षांचं खत एकदम ओतणं म्हणजे पैसे उन्हात टाकणं; थोडं, पण दरसाल द्यावं लागतं. कर्बाला धरायला चिकणमाती हवी, म्हणून आधी तलावाचा गाळ, मागून शेणखत, फुलोऱ्याच्या तोंडावर ताग गाडणं. गाळयुक्त शिवार योजनेत गाळाला घनमीटरला 35.75 रुपये मिळतात, एकरी 15 हजारांपर्यंत. हिशेब केला तर साधारण 420 घनमीटर, म्हणजे एकरावर चार इंचांचा थर. बरडाचं रूप पालटायला पुरेसा. पण लाभार्थी ठरतो मुख्यतः भूधारणेवरून. रान बरड की काळं, हे कुणी विचारत नाही.

सगळं खापर साहेबांवरच फोडून भागणार नाही. मका निघाली की धसकटं पेटवणारे आणि पऱ्हाट्यांची होळी करणारे आपलेच सभासद आहेत. मग हेच लोक सेंद्रिय खताच्या गोण्या विकत आणतात! पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवणारी नाडेप टाकी दिली, 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. मक्याची ताटं तिच्यात कुजवा. कच्चीच गाडली, तर कुजताना मिरचीच्या तोंडचं नत्र तीच खातील.

रकाना येईपर्यंत थांबू नका. चाळलेली माती पाण्याच्या बाटलीत हलवून ठेवा: मिनिटाभरात बसते ती वाळू, दोनेक तासांत पोयटा, दुसऱ्या दिवशी वर उरते ती चिकणमाती. पट्टीनं थर मोजा. बरड आणि काळीचे नमुने वेगळे द्या, सोबत ‘पोत तपासून मिळावा’ असा लेखी अर्ज जोडा आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. प्रयोगशाळेनं नकार दिला, तर तोही लेखी मागा आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. त्या प्रती आम्ही छापू.