डोळा यंत्रावर हवा, कुशीवर नको

ऑल्डस हक्स्ली यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या १९३२ सालच्या कादंबरीत मूल आईच्या पोटी येत नाही. ते सरकारी प्रयोगशाळेत बाटलीत वाढतं. मुलगा की मुलगी, हुशार की मंद, कारकून की मजूर, हे सरकार आधीच ठरवतं. देवाच्या जागी मोटारींचा कारखानदार फोर्ड बसवलेला असतो. या जगाचा एक नियंत्रक मुस्तफा मॉन्ड कधीकाळी उत्तम भौतिकशास्त्रज्ञ होता. आता तोच नव्या संशोधनावर कात्री चालवतो. तंत्र हवं, प्रश्न नकोत, असा त्या राज्याचा कारभार.

खानदेशात बसून ही कादंबरी वाचताना जास्त अस्वस्थ करते ती आपलीच गोष्ट. इथं मुलगा की मुलगी हे ठरवायला हुकूमशहाची गरज पडली नाही. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ मुली होत्या, धुळ्यात ८९८. शेजारच्या आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये मात्र ९४४. केळी आणि कापसाचा पैसा, शाळा-कॉलेजं, दवाखाने जिथं जास्त, तिथं मुली कमी. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१मध्ये, जळगावचा आकडा ८८० होता. म्हणजे सोनोग्राफी गावोगाव पोचत असताना आपण मागे गेलो. हा दोष विज्ञानाचा नाही. गर्भातलं व्यंग वेळेत कळावं म्हणून आलेलं यंत्र आपण जुन्या हव्यासाच्या दावणीला बांधलं.

त्या हव्यासाला धर्माचा आधार दिला जातो. अग्नी मुलानंच द्यायचा, वंश मुलानंच चालवायचा, हे घरोघरी ऐकवलं जातं. या भीतीवर बुवा जगतात. म्हणूनच २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गर्भाचं लिंग बदलून देण्याचा दावा हा गुन्हा ठरवला आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. मुलगा विकणारे दोघे आहेत, एक मंत्रानं आणि एक यंत्रानं, आणि दोघांचं गिऱ्हाईक एकच. पण याच खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्यासाठी सारं भाऊबंद एकत्र येतं, रोट होतात, रात्र जागवली जाते. ही श्रद्धा खरी आहे, म्हणूनच लेकीच्या बाजूनं बोलण्याचं बळ तिच्यातूनही मागता येईल. मंदिरातला आणि कीर्तनातला शब्द इथं कोणत्याही सरकारी फलकापेक्षा लांब पोचतो.

आता सरकारकडे वळू. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. मात्र ती वृत्ती पूर्णपणे गेली नाही. सप्टेंबर २००१नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. २००५च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लावली. सरकार म्हणतं दोनच हवीत, घर म्हणतं त्यातला एक मुलगा हवाच. या दोन दट्ट्यांमध्ये चिरडली जाते ती मुलगी.

याच राज्यानं १९८८मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदाही केला. केंद्राचा कायदा १९९४मध्ये आला आणि २००३मध्ये गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारं उपकरण जोडलं गेलं. काही डॉक्टरांना ही पाळत वाटली आणि ते उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं २०११मध्ये उपकरणाच्या बाजूनं निकाल दिला. तो मला पटतो, कारण इथं नजर धंद्यावर आहे. २०१६मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी उलटी वाट सुचवली होती: प्रत्येक गर्भाचं लिंग तपासून नोंदवावं आणि बाळंतपणापर्यंत त्या बाईवर लक्ष ठेवावं. हेतू मुली वाचवण्याचा होता. तरी ही वाट हक्स्लींच्या जगाकडेच जाते. १९७१च्या कायद्यानं दिलेला सुरक्षित गर्भपाताचा हक्कही अशा पहाऱ्यात आक्रसतो.

२०११च्या गणतीत मोजलेल्या मुलांमधली मोठी आता लग्नाच्या वयाला टेकली आहेत. परिचय मेळाव्यांत मुलांची रांग लांबेल, मध्यस्थाला पैसे मोजून दुरून सुना आणल्या जातील आणि त्या ओझ्याखाली पुन्हा बाईच दबेल. म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा परिषदांकडे माझी मागणी आहे. दोन अपत्यांची अट रद्द करण्याचा ठराव करून तो राज्याकडे पाठवा. सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीचे निष्कर्ष दर तीन महिन्यांनी लोकांसमोर मांडा. आणि गावातल्या जन्माच्या नोंदी, मुलगे किती व मुली किती, प्रत्येक ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. सरकारला घाबरून मुलगी वाचणार नाही. गावाला तिची गणती डोळ्यांसमोर ठेवावी लागेल.