संधिवाताची औषधे आणि निद्रिस्त क्षय

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन टोचले, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिला आवर घातला की सांधे निवतात. परंतु रोगजंतूंना थोपविणारी शक्तीही तीच होय.

याचे प्रत्यंतर पुढे फार स्पष्टपणे आले. ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ नामक प्रथिनाला निष्प्रभ करणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध १९९८ साली वापरात आले. २००१ साली ते घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा क्षय फुप्फुसांबाहेर पसरलेला होता. शरीरात शिरलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचे कडे पडते व ते हेच प्रथिन टिकवून धरते. कडे ढासळले की वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला जंतू जागा होतो.

जगातील सुमारे एकचतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. अशा देशात या औषधांपूर्वीची क्षयतपासणी हा निव्वळ उपचार समजणे आम्हांस अक्षम्य वाटते. छातीचे क्ष-किरण चित्र आणि त्वचेची वा रक्ताची चाचणी झालीच पाहिजे. त्यातही रुग्ण आधीपासून स्टेरॉइड घेत असेल तर त्वचेची चाचणी फसवी ठरू शकते. सुप्त जंतुसंसर्ग आढळल्यास प्रतिबंधक औषधे काही आठवडे आधी सुरू करावी लागतात. दुखण्याने कासावीस झालेल्या रुग्णास हा विलंब जाचतो, हे खरे. तो त्यास समजावून सांगणे हे वैद्याचे काम आहे.

महागड्या इंजेक्शनवर निदान डॉक्टरांची नजर असते. आम्हांस त्याहून अधिक भय वाटते ते चिठ्ठीवाचून दुकानातून आणलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचे. त्या तापही दडपतात आणि वेदनाही; त्यामुळे जंतू आत पसरत असता रुग्णास बरेच वाटत राहते. दीर्घकाळ घेतलेल्या या गोळ्या एकाएकी थांबविणेही घातक असते.

तथापि, या भयाने उपचारच नाकारणे सर्वथा अनुचित होय. उपचारावाचून सांधे कायमचे वाकडे होतात, आणि मुळात हा रोगच संसर्गाचा धोका वाढवितो. फ्ल्यू व न्यूमोनिया यांच्या निर्जीव लसी अशा रुग्णांना देता येतात. जिवंत जंतूंच्या लसी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. घेत असलेल्या औषधांची नावे लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात असावा, कारण ताप आल्यावर तो ज्या डॉक्टरांकडे जाईल त्यांना त्याच्या संधिवाताची वार्ताही नसते.