घरच्या पिकअपचा आवाज बदलला तर...

भगिनींनो, स्वयंपाकघरात आपला कान किती तयार असतो! मिक्सरचं पातं घासतंय, शिलाई मशीनला तेल हवंय, हे आपल्याला बाहेरच्या खोलीत बसूनही कळतं. मग दारातल्या पिकअपचा आवाज बदलला, की ‘ते पुरुषांचं खातं’ म्हणून कानांवर हात का ठेवायचे? दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट नाहीतर मंडपाचं सामान वाहणाऱ्या या गाडीवर पुष्कळ घरांचा महिना चालतो. शिवाय आपलीच माणसं तिच्यातून घाट चढतात-उतरतात.

आधी थोडी ओळख करून घेऊ. बहुतेक पिकअपचं इंजिन पुढे असतं, पण जोर लागतो मागच्या चाकांना. तो क्लच आणि गिअरबॉक्समधून गाडीखालच्या लांब दांड्यात, म्हणजे प्रोपेलर शाफ्टमध्ये येतो. तिथून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलमध्ये आणि मग चाकांत. खड्ड्यांतून मागची चाकं वर-खाली होतात, तेव्हा या दांड्याला वाकता यावं म्हणून त्याला अधिकच्या चिन्हासारखे सांधे असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. दांडा दोन तुकड्यांचा असेल, तर मध्ये एक सेंटर बेअरिंगही असतं.

आता कान द्या. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन सुरू. अशा वेळी खरखर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचचं रिलीज बेअरिंग बघायला सांगा.

उभ्या गाडीत काहीच नाही, पण चालायला लागली की आवाज येतो, तर दोष बहुधा पुढच्या वाटेवर आहे. निघताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘टक्’ असा ठोका आणि हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव, ही बहुधा क्रॉसची तक्रार. आतलं ग्रीस वाळलेलं असतं. ठराविक वेगाला सगळी गाडी थरथरत असेल, तर शाफ्ट वाकला असेल, त्याचा तोल गेला असेल किंवा सेंटर बेअरिंग सैल झालं असेल. ॲक्सिलरेटर दाबला की मागून ‘घूंऽऽ’ आणि सोडला की सूर बदलला, तर डिफरन्शिअल. वळणावर घरघर वाढत असेल, तर चाकाचं बेअरिंग. आणि डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाज बदलला, तर आधी टायर बघा बरं का! कुठे तिरपे झिजलेले असतात, कुठे खाचेत खडा अडकलेला असतो.

चिवचिव हा आवाज तसा किरकोळ वाटतो, पण तो महिनोन् महिने अंगावर काढू नका. क्रॉस तुटला तर दांडा निसटून रस्त्यावर आपटतो, जवळची ब्रेकची नळीही फोडू शकतो. इंजिन सुरू राहतं, पण चाकांपर्यंत जोर पोचत नाही. उतारावर गिअरचा अटकाव मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. भरलेल्या गाडीची घाटात अशी गत झाली तर काय, याचा विचार करा. डिफरन्शिअल उघडण्याच्या मानाने क्रॉस बदलणं हे थोडक्यातलं काम आहे.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी वहीत चार ओळी लिहा: आवाज कसा, कोणत्या वेगाला, भरलेल्या गाडीत की रिकाम्या, क्लच दाबल्यावर काय होतं. ‘आवाज येतोय, बघा जरा’ एवढंच सांगितलं, तर मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलत बसतो आणि बिल आपण भरतो.

गॅरेजमध्येही दोन गोष्टी विचाराच. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस गंजाची भुकटी आहे का? असेल तर नुसत्या ग्रीसने भागणार नाही, क्रॉस नवाच घालावा लागेल. दुसरं म्हणजे, शाफ्ट काढण्याआधी जोडावर खुणा केल्या का? एका क्रॉसमुळे फिरण्यात येणारा हिसका दुसरा क्रॉस भरून काढतो, पण जोडणी पूर्वीसारखी झाली तरच. नाहीतर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. जुना भाग परत मागून घ्यायला संकोच नको.

एक मात्र कटाक्षाने पाळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्वतः जाऊ नका, घरच्यांनाही जाऊ देऊ नका. खाली भक्कम स्टँड हवेत आणि टेकलेल्या चाकांना दगड. उतारावर आवाज तपासायला म्हणून इंजिन बंद करणं किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं, हेही नको.

पुढच्या वेळी हे गाडी भरायला घेतील तेव्हा विचारा, “क्रॉसला ग्रीस शेवटचं कधी मारलं हो?” उत्तर आठवावं लागलं, तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठायला लावा.