यादी कुणाच्या हाती?



मोर्चाची हाक, नव्या कायद्यावरची टिपणं, एखाद्या केसमध्ये तातडीनं हवी असलेली मदत हे सगळं आज अनेक गटांत ईमेलच्या सामायिक यादीवरून जातं. एका पत्त्यावर पत्र टाकलं की ते यादीतल्या सगळ्याजणींना पोचतं. हे काम करणारे प्रोग्राम बरेच आहेत. त्यातला कोणता घ्यायचा, हा प्रश्न बैठकीत निघाला की तो 'कॉम्प्युटर कळणाऱ्या' कुणावर तरी सोपवून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. आमच्या मते हा विषय असा सोडून देण्याजोगा नाही. आपल्या मैत्रिणींची नावं आणि पत्ते कुणाच्या ताब्यात राहणार, हे त्यातून ठरत असतं.

फुकट आणि सोपं म्हणून कंपन्यांच्या सेवा आपण पटकन स्वीकारतो. पण याहू ग्रुप्सचा अनुभव विसरून चालणार नाही. जगभरच्या असंख्य गटांची वर्षानुवर्षांची चर्चा तिथे साठलेली होती. २०१९ च्या अखेरीस कंपनीनं ती काढून टाकायला घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद केली. मेलचिंपनं २०२३ मध्ये फुकट योजनेतली पत्त्यांची मर्यादा २,००० वरून ५०० वर आणली. निर्णय त्यांचा, धावपळ आपली.

दुसरा मार्ग मुक्त प्रोग्रामचा. मेलमन आणि सिम्पा हे चर्चेच्या यादीसाठी आहेत, तर पीएचपीलिस्ट एकतर्फी वार्तापत्रासाठी. ते वापरायला पैसे पडत नाहीत आणि यादी आपल्याजवळ राहते. मात्र सर्व्हर लागतो आणि त्याची देखभाल करणारं माणूस लागतं. हे काम एखाद्या कार्यकर्तीनं रात्री जागून, बिनमोबदला करायचं असेल, तर त्याला स्वस्त म्हणू नये. बायकांचे न दिसणारे श्रम मोजा, असं आपणच तर जगाला सांगत आलो आहोत.

कोणताही प्रोग्राम घेताना काही प्रश्न विचारायलाच हवेत. उत्तर लिहिलं की ते फक्त लिहिणारीला जातं की सगळ्यांना? एकीनं दुसरीला विश्वासानं लिहिलेली घरातल्या मारहाणीची हकिगत दोनशे जणींपुढे गेली, तर माफी मागून ती परत घेता येत नाही. जुनी पत्रं कुणालाही वाचता येतात का? सभासदांची नावं एकमेकींना दिसतात का? बाहेर पडायचं तर कुणाची परवानगी न मागता पडता येतं का? आणि उद्या प्रोग्राम बदलायचा झाला, तर सगळी यादी उचलून नेता येते का?

एक उदाहरण देते. मेलमनची २.१ ही जुनी आवृत्ती अजूनही काही ठिकाणी चालू आहे. ती दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येक सभासदाला आठवणपत्र पाठवते. त्यात यादीचं नाव असतं आणि पासवर्डही उघड लिहिलेला असतो. ही सोय बंद करता येते, पण मुळात ती चालू असते. जिची मेल नवरा किंवा सासरचं कुणी उघडून बघतं, तिच्यासाठी हे पत्र धोक्याचं आहे. शिवाय ही आवृत्ती ज्या पायथन २ वर उभी आहे, त्याची देखभाल २०२० च्या सुरुवातीलाच थांबली. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी मेलमन ३ घ्यावं. यादीचं नावही साधं ठेवावं, कारण ते पत्राच्या विषयात झळकत असतं.

आमचं मत स्पष्ट आहे. वार्तापत्र आणि चर्चा यांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात. वार्तापत्रासाठी एखाद्या कंपनीची सेवा घेतली तर फार बिघडत नाही, फक्त यादीची प्रत दर महिन्याला आपल्याकडे उतरवून ठेवावी. कार्यकर्त्यांच्या आपसातल्या चर्चेसाठी मात्र मुक्त प्रोग्रामच हवा. स्वतःचा सर्व्हर झेपत नसेल, तर राइजअपसारखा चळवळीतला गट देणग्यांवर सिम्पाच्या याद्या चालवतो. तसा आधार शोधावा किंवा चार-पाच संस्थांनी मिळून एक सर्व्हर घ्यावा आणि सांभाळणारीला मानधन द्यावं. आणि मदतीसाठी केंद्रात आलेल्या बाईचा पत्ता तिला विचारल्याशिवाय कुठल्याही यादीत घालू नये.

यादीच्या चाव्या किमान दोघींकडे असाव्यात. कुणाचं पत्र अडवायचं, कुणाला काढायचं, याचे नियम सर्वांनी मिळून लिहावेत. पत्र अडवण्याचा अधिकार हीदेखील सत्ताच आहे, आणि सत्तेला जाब विचारायची आपली रीत आपल्या घरातही चालायला हवी.

पुढच्या बैठकीत हा विषय शेवटी 'आयत्या वेळचे विषय' म्हणून न घेता आधी घ्या. तुमच्या गटानं काय ठरवलं आणि का, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.